‘पाणीवाली बाई’ आणि ‘जलनायक’: एका उपाधीची चिकित्सा

मृणाल गोरे १७ जुलै २०१२ रोजी वसईत गेल्या. त्या आठवड्यातली मिळतील तेवढी वर्तमानपत्रे मी मुदखेड स्टेशनजवळच्या विक्रेत्याकडून घेतली होती आणि सवयीप्रमाणे कात्रणे काढून वहीत डकवली होती. मी विद्यापीठातली अभ्यासक नाही. बारावीनंतर लग्न झाले. पुढचे जे काही वाचन झाले ते नांदेडच्या ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून. कात्रणांच्या वह्या हेच माझे संदर्भालय. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीतल्या स्त्री सदस्यांविषयी टिपणे करायला बसले तेव्हा ती वही पुन्हा उघडली आणि २०१२ मध्ये नजरेतून निसटलेली एक गोष्ट दिसली. बहुतेक मथळ्यांत एकच शब्दजोड होती: ‘पाणीवाली बाई’. खालचा मजकूरही त्याच उताराने वाहत होता. आधी रिकामे हंडे, मग लाटणी, मग आणीबाणीतला तुरुंगवास आणि जागा उरली असेल तर शेवटी विधानसभा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी आणलेले विधेयक काही लेखांत एका ओळीत होते, काहींत नव्हतेच.

मृणालताईंचे चरित्र पुन्हा सांगण्याचा इथे हेतू नाही. एखादी स्त्री राजकारणात कशी आली हे मराठी चरित्रलेखन कसे सांगते, आणि त्या सांगण्यात काय गळते, एवढेच मला तपासायचे आहे. उपाधी हा चरित्राचा सर्वांत आटोपशीर प्रकार, म्हणून सुरुवात उपाधीपासून.

आमच्या नांदेड जिल्ह्यात पाण्याशी जोडलेले सर्वांत मोठे नाव शंकरराव चव्हाणांचे. जायकवाडी, विष्णुपुरी ही नावे त्यांच्याशिवाय घेतली जात नाहीत. त्यांच्या जयंतीच्या फलकांवर, गौरवलेखांत, भाषणांत त्यांना ‘जलनायक’, ‘जलसंस्कृतीचे जनक’, ‘आधुनिक भगीरथ’ म्हटले जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोदावरीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ते शब्द जड वाटत नाहीत. पण दोन्ही उपाध्या शेजारी ठेवून वाचल्या की भाषा आपला हिशेब उघड करते. पुरुषाने पाणी आणले की ते ‘जल’ होते. नायक होतो, जनक होतो, पुराणातला राजा होतो. स्त्रीने पाणी आणले की ते ‘पाणी’च राहते आणि तिला ‘वाली’ हा प्रत्यय लागतो, जो भाजीवाली, दूधवाली, भांडीवाली यांना लागतो. विकणाऱ्या किंवा डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बाईचा प्रत्यय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या गाडीलाही ‘जलदूत’ असे तत्सम पुल्लिंगी नाव मिळाले. ते पाणी ज्यांच्या हंड्यांत पडायचे होते, त्या लातूरच्या टँकरपुढच्या रांगेला मात्र काही नाव नव्हते.

यावर कुणी म्हणेल की धरण आणि नळ यांची तुलनाच चुकीची. एक काम लाखो एकरांचे, दुसरे एका उपनगराचे. मान्य. पण उपाधी कामाच्या आकारावरून ठरते असे मला दिसत नाही. ती ठरते ते काम कुठल्या खोलीतून निघाले असे लोकांना वाटते त्यावरून. धरण मंत्रालयातून निघते. नळाचे भांडण स्वयंपाकघरातून निघाले असे आपण धरून चालतो.

आता ‘बाई’. हा शब्द मराठीत फार लवचिक आहे. शाळेतल्या बाई, धुण्याभांड्याची बाई, मराठवाड्यात काही घरांत आईलाही बाईच. मृणालताईंच्या बाबतीत तो शब्द गोरेगाव-मालाडच्या वस्त्यांमधल्या हिंदी-मराठी मिसळीच्या बोलीतून आला आणि त्यात आदर होता, याविषयी शंका नको. १९७७ मध्ये त्या जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घुमली. घोषणा म्हणून ती अस्सल आहे. यमक, उलटापालट, विजयाची मस्ती सगळे तिच्यात आहे. पण तिने काय केले ते बघा. आणीबाणी हुकूमशाही होती की नाही, लोकांनी कशाविरुद्ध मत दिले, हा सगळा प्रश्न दोन बायांच्या झोंबीत बसवला. जयप्रकाश आणि इंदिराजी यांच्यातल्या संघर्षाला आपण वैचारिक म्हणतो. दोन्ही बाजूंना बाया आल्या की नळावरचे भांडण होते.

मृणालताईंचा राजकारणातला प्रवेश नळावरून झालाच नव्हता. त्यांचा जन्म १९२८ चा, माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्या राष्ट्र सेवा दलात आल्या आणि शिक्षण सोडून समाजवादी चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. गोरेगावात महिला मंडळाचे काम आणि त्यातूनच कुटुंबनियोजनाचे केंद्र. १९५० च्या दशकात हा विषय उघड बोलण्याचा नव्हता हे लक्षात घ्यावे. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हते, तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई त्या ग्रामपंचायतीवर निवडून गेल्या होत्या. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या, १९७२ मध्ये आमदार.

हा क्रम मी मुद्दाम कोरडा मांडला. सेवा दलाची शाखा, पक्षाचे सभासदत्व, महिला मंडळ, ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा. या पायऱ्यांवर जे शिकले जाते त्याला भावनेचे नाव देता येत नाही. सभा कशी बोलवावी, ठराव कसा लिहावा, अंदाजपत्रकातली रक्कम कुठल्या शीर्षाखाली पडून राहिली आहे ती कशी शोधावी, अधिकाऱ्याने ‘नियमात बसत नाही’ म्हटले की तो नियम कोणता हे कसे विचारावे. हंडा मोर्चाने महापालिकेचे दार उघडत असेल. आत गेल्यावर झोपड्यांपर्यंत पाण्याची जोडणी न्यायची तर ती वस्ती अधिकृत आहे का, नसेल तर पाणी नाकारण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाशी झुंजावे लागते. तिथे हंड्याचा उपयोग नसतो.

आपल्या गौरवग्रंथांना आणि स्मृतिलेखांना मात्र दार आवडते, आतली खोली आवडत नाही. लेखक रिकाम्या हंड्यांचा आवाज दोन परिच्छेद ऐकवतो आणि समितीची बैठक ‘पाठपुरावा केला’ या दोन शब्दांत उरकतो. पुरुष नेत्याच्या चरित्रात असे होत नाही. तिथे मंत्रिमंडळाच्या बैठका, टिपण्या, फायलींवरचे शेरे, कुणाचा विरोध कसा मोडून काढला याची प्रकरणेच्या प्रकरणे असतात. पुरुषाचे कौशल्य हा चरित्राचा विषय आणि स्त्रीची तळमळ हा चरित्राचा विषय, अशी ही वाटणी आहे. तळमळ शिकावी लागत नाही, ती असतेच असे समजले जाते. म्हणून स्त्रीच्या चरित्रात शिकण्याची वर्षे गाळली तरी कुणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

लाटण्याचेही तसेच झाले. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने आयांच्या तोंडून ऐकला: सुकडी, मिलो, खडी फोडण्याची कामे. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या, प्रमिला दंडवते पुन्हा समाजवादी. एरवी एकमेकांच्या सभांकडे न फिरकणाऱ्या पक्षांच्या बाया एका समितीत बसत होत्या आणि तेल, साखर, रॉकेल यांच्या भावांवर सरकारला धारेवर धरत होत्या. नंदिता गांधी यांनी या आंदोलनाचा स्वतंत्र अभ्यास केला आहे (‘व्हेन द रोलिंग पिन्स हिट द स्ट्रीट्स’, १९९६). गंमत अशी की तिथेही पुस्तकाच्या नावात लाटणेच आले. लाटणे हातात धरणे ही राजकीय हुशारी होती असे मला वाटते: ज्या बाईला घरचे पक्षाच्या झेंड्याखाली जाऊ देणार नाहीत, तिला लाटणे घेऊन जाऊ देतील. ती वस्तू परवानगीचे पत्र होती. पण परवानगीच्या पत्रावर ज्या अटी असतात त्याही तिच्याबरोबर आल्या. बाई रस्त्यावर आली ती गृहिणी म्हणून आली, आणि नंतर तिने काहीही केले तरी तिची ओळख तीच राहिली. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद भरली, नवी पिढी ‘घर’ या संस्थेलाच प्रश्न विचारू लागली, तेव्हा लाटणे तिला जुने वाटले असेल तर नवल नाही. मृणालताई त्या महिन्यांत भूमिगत होत्या. वर्षाअखेर त्या पकडल्या गेल्या. मुख्यमंत्री तेव्हा शंकरराव चव्हाण होते. जलनायक आणि पाणीवाली बाई यांची गाठ इतिहासात अशी पडते, पण कुठल्याच चरित्रात ही दोन नावे मला एका पानावर सापडली नाहीत.

सगळ्याच स्त्रियांची कथा अशी सांगितली गेली असेही नाही, आणि हा फरक मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा वाटतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) घ्या. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती त्यात आहेत. घरातली भाकरी, मारहाण, पोरांची आजारपणे त्यांत आहेतच. पण पुस्तकाचा कणा सभांचा आहे. अध्यक्ष कोण, स्वागताध्यक्ष कोण, ठराव कोणता, कुणी मांडला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तिला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या असे सांगितले जाते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध असे ठराव तिथे झाले. त्या स्त्रियांची स्मृती हंड्याभोवती न फिरता ठरावाभोवती फिरते. कारण उघड आहे. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावरच जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी पाणी हा प्रश्न महाडच्या १९२७ पासून हक्काचा प्रश्न होता. तो घरगुती गैरसोयीच्या भाषेत मांडण्याची सोयच त्यांना नव्हती. शांताबाई दाणींचे ‘रात्रंदिन आम्हा’ वाचतानाही हेच जाणवते. मध्यमवर्गीय स्त्री नेत्याला ‘घरातून आलेली’ म्हणून स्वीकारण्याची जी मुभा समाजाने दिली, ती या स्त्रियांना मिळाली नाही. आणि त्यामुळे, विचित्र वाटेल, पण त्यांचे लेखन राजकारणाच्या कामकाजाविषयी अधिक प्रामाणिक राहिले.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा तिसरा नमुना. वारल्यांमध्ये जाऊन काम करणारी निवेदिका स्वतःच्या घराविषयी जवळजवळ बोलतच नाही. काहींना ते कोरडे वाटते. मला ती एक शिस्त वाटते.

याच्याशी ताडून पाहण्यासाठी एक परदेशी उदाहरण देते. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे मॉरिशस आपल्या वाचकांना अगदी परका नाही. त्या छोट्या बेटावर १९७७ मध्ये असा कायदा झाला की मॉरिशसच्या पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला देशात राहण्याचा हक्क आपोआप राहील, पण मॉरिशसच्या स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला परवाना मागावा लागेल. वीस स्त्रियांनी याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार नेली. त्यांतल्या सतरा तर अविवाहित होत्या. पहिले नाव होते शिरीन औमीरुद्दी-सिफ्रा यांचे. त्या वकील, स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि विधिमंडळाच्या निवडून आलेल्या सदस्य. त्यांचा नवरा परदेशी. १९८१ मध्ये समितीने विवाहित तक्रारदारांच्या बाजूने मत दिले आणि १९८३ मध्ये मॉरिशसला कायदा बदलावा लागला. आज मानवी हक्कांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे आडनाव एका खटल्याचे नाव म्हणून येते. अर्जदार म्हणून. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या नावाला चिकटलेली नाही, आणि म्हणून त्यांनी काय केले हे त्यांच्या नावासकटच शिकवले जाते.

आता त्या एका ओळीत उरकलेल्या विधेयकाकडे येते. १९८५ मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या. मुंबईत तेव्हा गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघड लागत होत्या आणि स्त्री संघटना व काही डॉक्टर यांनी त्याविरुद्ध मोहीम सुरू केली होती. १९८६ मध्ये मृणालताईंनी या विषयावर अशासकीय विधेयक आणले. विरोधी बाकावरच्या सदस्याचे अशासकीय विधेयक मंजूर होत नसते, हे त्यांना चांगले माहीत असणार. पण ते मांडले की सरकारला सभागृहात उभे राहून बोलावे लागते, आणि जे बोलले ते नोंदले जाते. शेवटी सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाच्या तंत्रावर नियंत्रण आणणारा देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्रात झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मुख्यमंत्री १९८८ च्या त्या काळातही शंकरराव चव्हाणच होते. दुसरी गाठ पडते ती अशी, आणि ही तुरुंगाची नाही.

कायद्यात पळवाटा राहिल्या, खासगी केंद्रांना परवाने मिळत राहिले, हे चळवळीतल्या लोकांनी तेव्हाच दाखवून दिले. २०११ च्या जनगणनेत आमच्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. म्हणजे मराठवाड्याने मृणाल गोरे यांना कशासाठी लक्षात ठेवायचे, असे कुणी विचारले तर माझ्या मते उत्तर गोरेगावच्या नळाआधी या विधेयकाचे आहे. पण विधेयकाला चित्र नसते. हंड्याचे चित्र काढता येते, लाटण्याचे काढता येते. अशासकीय विधेयकाचे काय काढणार? दिंडोशीला नागरी निवारा परिषदेने, बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांबरोबर, कमाल जमीन धारणा कायद्याचा पाठपुरावा करून सामान्यांसाठी हजारो घरे उभी केली, त्याचीही हीच अडचण. (मीही ‘पाठपुरावा’ लिहून गेले, सवय अशी असते.) १९८८-८९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, हे तर मी बोलते त्या दहांपैकी नऊ सुशिक्षितांना ठाऊक नसते.

हे सगळे मला इतके का टोचते, ते सांगायला हवे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत स्त्रियांना १९९० मध्ये तीस टक्के, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्म्या जागा मिळाल्या. माझी थोरली जाऊ पहिल्यांदा सदस्य झाली ती नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला, आमच्या सासरच्या गावी. तिला आम्ही अक्का म्हणतो. बैठकीची वही घरी यायची. ग्रामपंचायतीचा शिपाई ओसरीवर बसायचा, अक्का कणकेचे हात पदराला पुसून सही करायची आणि पुन्हा तव्याकडे जायची. मी एकदा विचारले, “अक्का, कशावर सही केली?” तर म्हणाली, “मला काय माहीत बाई. ह्यांनी म्हणलं, मी केली.” निवडणुकीच्या प्रचारात तिच्याविषयी काय बोलले गेले होते ते मला आठवत होते: बाई माणूस आहे, पाण्याचा त्रास तिला कळतो. तो त्रास तिला खरोखर कळत होता. पाण्याच्या टाकीचा ठराव वहीत कुठल्या पानावर आहे ते कळत नव्हते, आणि ते कळायला हवे असे कुणी, मी धरून, तिला सांगितले नव्हते. आम्हाला जी कथा माहीत होती तिच्यात ते पान नव्हते.

दुसऱ्यांदा अक्का निवडून आली ती मध्ये एक टर्म सोडून. एव्हाना माझे वाचन थोडे वाढले होते आणि तिचा संशयही. वही आली तेव्हा ती ओसरीवर आली, वही हातात घेतली आणि शिपायाला म्हणाली, “आज ठेवून जा दादा, उद्या ने.” तो घुटमळला, मग गेला. रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही दोघी दिव्याखाली बसलो. अक्षर गिचमिड होते, अर्धे शब्द शासकीय. ‘सर्वानुमते’ हा शब्द प्रत्येक ठरावाखाली होता. अक्काने बोट ठेवून विचारले, याचा अर्थ काय. मी सांगितला. ती म्हणाली, “सगळ्यात मी बी आले का?” दुसऱ्या दिवशी शिपाई आला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक स्वतः वही न्यायला आले, तोवर आमचे अकरा ठराव वाचून झाले होते. त्यांतल्या दोनांवर अक्काने सही केली नाही.